उकंडा उभा आहे

दि. ५ ऑगस्ट २०१९

चि. दीपा,
सप्रेम जयभीम.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टमन अजून गावात येतो, आठवड्यातून दोनदा. पुण्याचा तुझा पत्ता तुझ्या बापानं नागपूरहून कळवला. धम्मदीप एवढंच म्हणाला, "बाबा, ते वाचंल का नाई, सांगता येत नाई." न वाचता ठेवलंस तरी चालेल. फाडू मात्र नकोस. हात कापतो, पण अक्षर अजून वळणदार येतं माझं.

एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून तू एक तर हसशील, नाही तर आणखी चिडशील. मी तो खेळ खेळतो आहे. संघदीपचा. त्याच्याच फोनवर, त्याच्याच नावानं.

आषाढ लागला तेव्हापासून. त्याचा फोन तुझ्या आजीनं बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला आहे, चार्जिंगची वायर लावून. त्यातला रिचार्जही ती संपू देत नाही. मी एकदा म्हणालो, "तुळसा, कोणाच्या कामाचा आहे तो आता?" तर म्हणाली, "तुमच्या पुस्तकायले वाळवी लागली तरी ठेवताच ना तुमी?" 

त्या दुपारी ती निंदायला वावरात गेली होती. घर रिकामं. मी चष्मा पुसत बसलो होतो आणि फोन टुणकन वाजला. उचलला. कुठं बोट लागलं कोण जाणे, पडदा उजळला आणि त्यात एक माणूस उभा होता. पिवळा सदरा. डोक्याला रुमाल, मागं गाठ मारलेला, आपला संघदीप वावरात जाताना बांधायचा तसा. तो श्वास घेत होता. दीपा, भूत नसतं हे मी चौतीस वर्षं पोरांना शिकवलं. तिसरी-चौथीच्या पोरांना अमावास्येला मसणवटीत नेऊन डबे खायला लावणारा माणूस मी. पण छाती वर येत होती, खाली जात होती. आणि मग, मी काही केलेलं नसताना, त्यानं मान वळवून मागं पाहिलं. आत्ताच कुणी तरी पाठीमागून निघून गेलं असावं, तसं. थोडा वेळ पाहिलं. मग पुन्हा समोर.

मी फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला.

तुला विचारायचं आहे ते हेच. या खेळातली सगळीच माणसं अशी मागं पाहतात का? की याचं काही वेगळं आहे?

दुसरंही एक विचारायचं आहे. संघदीप, तुझा धाकटा भाऊ, मला म्हणायचा, "आबा, मी गेमर हाव." मी म्हणायचो, "हा व्यवसाय आहे का व्याधी? वाक्यात उपयोग करून दाखव." तो हसायचा. मग तो गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, यवतमाळच्या पाहुण्यांनी तुला विचारलं, "बाई, तू काय करतेस पुण्याला?" नवे खेळ बाजारात येण्याआधी तपासून पाहायची नोकरी आहे, एवढं सांगितलं असतंस तरी पुरलं असतं. तू म्हणालीस, "मी गेमर आहे." आणि पांढऱ्या कपड्यांतल्या शंभर माणसांसमोर मी म्हणालो, "याच शब्दानं माझा नातू खाल्ला. भर फवारणीत हिनं त्याला खेळायला बोलावलं." तू ताट तसंच ठेवून उठलीस. तेव्हापासून मी तो शब्द तोंडात घोळवतो आहे. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो शब्द मी पोराच्या मरणाला लावला. मास्तरानं असं करू नये.

मी स्वतः त्या दिवशी पेन्शनच्या कागदासाठी बाभूळगावला गेलो होतो, हे तुला माहीतच आहे. परत आलो तेव्हा त्याला ऑटोत घातलं होतं.

आजी बरी आहे. कापूसही बरा, पऱ्हाटी कमरेला लागली.

तुझा आबा,
उ. सं. गुरुजी


दि. २१ ऑगस्ट २०१९

चि. दीपा,
सप्रेम जयभीम.

पत्राचं उत्तर नाही. परतही आलं नाही, म्हणजे तुझ्या हाती पडलं असावं.

मी आता रोज खेळतो. जेवण झालं की ओट्यावर, एकच्या सुमारास. आजी शेजारच्या रुखमाबाईला सांगते, "बुढा झाला अन् आता बंदूक चालवून राह्यला." ते खोटं आहे. मी बंदूक उचलत नाही. पंचशील घेतलेला माणूस मी, खेळात झालं तरी काय झालं? मी फक्त मलमपट्टीची पेटी उचलतो आणि चालतो. माझ्या तुकडीतली माणसं वैतागतात. कुठल्या कुठल्या गावचे आवाज येतात. परवा एकजण ओरडला, "अबे उकंडा, सीधा क्यों खड़ा है बे? पेड़ है क्या?" मला हसू आलं. बोलायचं बटन कुठं आहे ते मला माहीत नाही, म्हणून मी गप्प.

हो, उकंडा. संघदीपच्या डोक्यावर ते नाव लिहिलेलं असतं, हे तुला नव्यानं काय सांगू. मला ते मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास दिसलं होतं, त्याच्या खांद्यावरून डोकावलो तेव्हा. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला कारण सांगितलं नाही, तुला सांगतो.

माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली. मी झालो तेव्हा सुईणीनं मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि दुसऱ्याचं टाकलेलं पोर उचलावं तसं आईनं मला उचलून घरात आणलं. उकिरड्यावरचा म्हणून उकंडा. मरण दारात आलं तरी त्याला वाटावं, हे कुणी तरी फेकलेलं आहे, याला काय न्यायचं. छप्पन साली बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरातले देव आईनं आपल्या हातानं बेंबळा नदीत सोडले. गावचे शिक्षक म्हणाले, आता पोराचंही नाव बदला, चांगलं ठेवा. आई म्हणाली, "देव सोडले, नाव नाई सोडत. नाव बदललं तर मरण ओळखीन याले."

त्या नावानं मला शाळेत रडवलं, ट्रेनिंगला हसवलं. जन्मभर मी उ. सं. अशी सही केली. पोरांना शेकडो कविता चालीवर शिकवल्या, त्यातल्या कितीक माझ्या स्वतःच्या, पण एकीखालीही पूर्ण नाव घातलं नाही. आणि नातवानं तेच नाव घेऊन ते साऱ्या दुनियेत मिरवावं? मला वाटलं, थट्टा करतो.

मागच्या आठवड्यात एक आवाज आला. खंडव्याकडचा असावा. म्हणाला, "अरे उकंडा! ज़िंदा है क्या बे? साल भर कहाँ था?" मी गप्प. दुसरा म्हणाला, "ये बोलता नहीं अब." तर पहिला म्हणाला, "पहले तो बहुत बोलता था. मैंने पूछा था, ये क्या नाम रखा है. बोला, मेरे आबा का है. ये नाम मरता नहीं."

दीपा, भर दुपारचं ऊन होतं आणि मला थंडी वाजली.

खेळाचं एक मात्र मला फार आवडलं. माणूस एकदम मरत नाही. आधी गुडघ्यावर येतो, रांगतो. आपल्यातलं कुणी तरी त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं. दहा सेकंद. तेवढं बसलं की तो उठतो. न हलता बसायचं, आजूबाजूला काहीही चाललेलं असो. माझ्या तुकडीत एक आहे, तिचं नाव इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी, वाचता येत नाही. कधी बोलत नाही. एक वाजून वीस मिनिटांनी येते आणि मी पडलो की कुठूनही पळत येते, माझ्याजवळ बसते. उठवून झालं की जागच्या जागी दोनदा उडी मारते आणि निघून जाते. ती आहे असं मी का लिहिलं? तो असेल. कुणास ठाऊक.

खेळातही एक पिवळं रान आहे आणि बांधावर एकटं झाड. इथलं नेट जातं, तेव्हा माणूस आपल्या मनानं सरळ चालत राहतो. परत येतं तेव्हा पुष्कळदा तो त्याच झाडाखाली जाऊन थांबलेला असतो. मी नेलेला नसतो. तिथं उभा राहून मान वळवतो. आपल्या बांधावरच्या हिवराखाली तो उजव्या कुशीवर वळून जसा

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

आबा


दि. २ सप्टेंबर २०१९

दीपा,

तीन दिवस कागद समोर ठेवून उठतो आहे. आज पूर्ण करतो.

मी बाभूळगावला गेलो होतो हे खरं. सकाळच्या एसटीनं. पण ज्या साहेबांची सही पाहिजे होती ते रजेवर होते, म्हणून लगेच परत फिरलो. फाट्यावर उतरलो आणि ऊन चुकवायला वावरातली वाट धरली. पऱ्हाटी पुरुषभर उंच झाली होती. त्याआधीच्या साली जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. घरात तोंडाला बांधायचा मास्क होता, खिळ्याला लटकलेला. मी स्वतः सकाळी पाहिला होता, आणि "घेऊन जा" म्हटलं नव्हतं. आठ दिवस बोलत नव्हतो ना.

एक-सव्वाएकची वेळ. वारा बंद. औषधाचा वास सगळ्या रानात साचलेला. बांधावरच्या हिवराखाली पंप पडला होता, आणि शेजारी संघदीप उजव्या कुशीवर, माझ्याकडे पाठ करून. फोन हातात, पेटलेला. त्यातून खेळाचा आवाज येत होता, गोळ्या सुटल्यासारखा. मला वाटलं, काम टाकून लोळत पडला आहे. मी थांबलो नाही. चालता चालता म्हणालो, "झोपला का रे, गेमर?"

त्यानं मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले असं आता वाटतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पाहिलं, आणि मनात म्हणालो, पाहा, फोनमध्ये खुपसून खुपसून डोळे घालवले यानं. आणि मी पुढं गेलो.

आजी रुखमाबाईकडे गेली होती; घरी येऊन एकटाच जेवलो. मधल्या खोलीत आडवा झालो.

साडेतीनला आजी तिकडूनच त्याच्यासाठी चहा घेऊन वावरात गेली आणि तिथून तिची किंकाळी आली. तेव्हा मी उठलो. दीपा, आता जे लिहितो ते मी या जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. मी वावराकडे धावलो नाही. खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली, मागच्या दारानं निघालो, नाल्याच्या कडेनं वळसा घालून एसटीच्या थांब्याकडून गावात शिरलो. आत्ताच उतरल्यासारखा. लोक म्हणाले, "गुरुजी, लवकर या, पोराले पाहा." मी म्हणालो, "काय झालं?"

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर. तिसऱ्या दिवशी तो गेला. आणि ते दोन तास मी तुझ्या पदरात टाकले.

तुम्ही दोघं माझ्या मांडीवर बसून म्हणायचात ती ओवीसारखी कविता आठवते? चौथीच्या वर्गासाठी केली होती:

कापसाच्या बोंडात निजलंय कोण?
हाक मारा त्याला एकदा, दोन.
तिसऱ्या हाकेला उघडेल दार,
पांढरं हसू सांडेल फार.

पोरांना मी बजावायचो, तीन हाका पुऱ्या झाल्याशिवाय बोंडानं उठायचं नाही. स्वतः एकच मारली. तीही टोमण्याची.

दहा सेकंद लागतात, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी एका खेळानं सांगितलं.

ती न बोलणारी तू आहेस, हे मला ओळखू आलं. लहानपणी शाळेतून आलीस की उंबऱ्यावर दोनदा उडी मारल्याशिवाय घरात शिरत नव्हतीस. तू इतके दिवस मला उठवत होतीस, आणि तुला ठाऊक नव्हतं की त्या दिवशी न थांबता पुढं गेलेला माणूस मीच आहे. आता ठाऊक झालं. उद्यापासून नाही आलीस तर समजेन.

आबा


पुणे, ७ सप्टेंबर २०१९

आबा,

तिन्ही पत्रं मिळाली. तिसरं ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. माफ करणं वगैरे मला आत्ता जमणार नाही. खोटं लिहीत नाही.

पण एक माझ्याकडेही आहे. ते मी आईबाबांनाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी एक वीसला तो माझ्यासोबत खेळात होता. माझी जेवणाची सुट्टी होती. आम्ही पिवळ्या रानातून पळत होतो आणि तो मध्येच थांबला. झाडाखाली. मी म्हटलं, चल ना बे. तो उभाच. मला वाटलं तुमच्याकडचं नेट गेलं. मी तीन-चारदा ओरडले. मग म्हटलं, "मर तिथंच," आणि पुढं गेले. तो डाव मी जिंकले, आबा. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली होती.

म्हणून तुमचं बोलणं लागलं मला. तुम्हाला काही माहीत नसताना तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं.

गेमर म्हणजे काय विचारलंत. मला आधी वाटायचं, जो हरत नाही तो. मग वाटायचं, ज्याला लोक नावानं ओळखतात तो. आता मी त्या वेळेला तिथं परत जाते, एवढंच. नोकरी आहे म्हणून नाही. कुणी पडलेलं असेल तर आपण तिथं असावं, म्हणून. याला जो शब्द असेल तो.

आणि आबा, तुम्ही लिहिलंत आषाढापासून खेळता. त्याचं नाव माझ्या यादीत जानेवारीपासून हिरवं व्हायचं, म्हणजे कुणी तरी खेळ उघडलेला. रोज दुपारी, पाच-दहा मिनिटं. मी हाक द्यायचे, उत्तर नाही. नुसता उभा. पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या हातातून डबा पडला. आधी वाटलं, फोन कुणी चोरला. मग वाटलं, चोर असता तर खेळला असता. सहा महिने मी त्याच्यासाठी जेवण सोडून बसत होते. कोण होतं ते?

१७ तारखेला वर्ष होतं. एक वीसला या. तुम्ही त्याच्या नावानं येऊ नका, दुसरं घ्या.

दीपा


दि. १३ सप्टेंबर २०१९

चि. दीपा,

पत्र काल मिळालं. तुझी आजी सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. तू डाव जिंकल्याचं आलं तिथं तिचा हात थांबला, पण रडली नाही. शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा म्हणाली,

"मीच ते."

"काय तू?"

"मीच उघडतो ते. त्यानंच शिकवलं होतं, आजी, इथं दाबलं का मी दिसतो. मले अक्षर नाई येत, पण तेवढं येते. पडद्यावर बोट वढाचं, अन् ते पिवळं चित्र दाबाचं."

"काहून?"

"तो श्वास घेते ना त्यातनी. मले खेळाचं नाई त्याच्यासंगं. नुसतं पाहाचं हाय. तीन खेपा मान वळवते तवर पाह्यतो अन् ठेवून देतो. तुमी निजता तवा."

तिनं सूप झटकलं. मग, डाळीतच पाहत, म्हणाली, "तुमाले माईत हाय, तो मांगं काहून पाह्यते?"

मी म्हणालो, "नाही."

"मले माईत हाय. वावरातून वरडत आलो मी त्या दिवशी, पाणी न्याले. तवा तुमी मांगच्या दारानं जाऊन राह्यलते. पिशवी घेऊन. कवाड उघडंच टाकलं होतं तुमी. कडी मीच लावली मंग."

दीपा, एक वर्ष. एक वर्ष या बाईनं मला भाकर वाढली, माझी पाठ चेपली, पुण्यानुमोदनात मी तुला बोललो तेव्हा शेजारी बसली होती. त्या शंभर माणसांत एकटीला माहीत होतं. मी विचारलं, "बोलली काहून नाही?"

"तुमी बोलाची वाट पाहून राह्यलतो," म्हणाली. "त्याले पाहाचं अन् तुमाले पाहाचं. दोघंय नुसते उभेच."

आज दुपारी आम्ही दोघांनी मिळून फोन उघडला. ती म्हणते, १७ तारखेला त्याला तीच धरणार. माझ्या हाती देत नाही.

आबा


दि. १८ सप्टेंबर २०१९

चि. दीपा,

तू होतीस तिथं, तरी लिहितो. तू पडद्याच्या त्या बाजूनं पाहिलंस. इकडून कसं होतं ते तुला कुणी सांगणार नाही.

आरोग्य केंद्राची आशाताई प्रियंका आहे ना, बौद्धवाड्याच्या टोकाची, तिचा फोन तासाभरासाठी मागून घेतला. तिनंच खेळ उतरवून दिला आणि विचारलं, "गुरुजी, नाव काय टाकू?" तू म्हणाली होतीस दुसरं घ्या. माझं नाव त्यानं घेतलं होतं, मग मला त्याचंच उरलं. मी म्हणालो, "संघदीप." तिनं एकेक अक्षर जुळवून टाकलं.

एकला आम्ही हिवराखाली जाऊन बसलो. आजीनं घोंगडी अंथरली. पऱ्हाटी यंदाही उंच आहे, पात्या-फुलं लागली आहेत, आणि वारा तसाच बंद होता. पलीकडच्या वावरात कुणाचा तरी पंप घरघरत होता. मी दोनदा उठून पाहून आलो, तोंडाला बांधलं आहे का. रुखमाबाईचा जावई होता. बांधलं नव्हतं. मी माझा दुपट्टा दिला आणि बांधेपर्यंत उभा राहिलो. तो म्हणाला, "जाऊ द्या ना गुरुजी, एवढ्यानं काय होते?" मी म्हणालो, "मी इथंच थांबतो." मग बांधला.

मग तुझा आवाज आला. "आबा, ऐकू येतं का?" वर्षानं. मला उत्तर द्यायचं बटन प्रियंकानं दाखवून ठेवलं होतं, तरी सापडेना. आजीच ओरडली, "येते बाई, येते! पण हा काही चालत नाई." तू हसलीस. लगेच थांबवलंस हसू, पण आम्ही ऐकलं.

आजीनं त्याला पिवळ्या रानात, त्या झाडाखाली नुसता उभा करून ठेवला होता. कुठून गोळी आली कळलं नाही. तो गुडघ्यावर आला. आजीनं फोन छातीशी धरला. "पडला वो! पडला माझा!" तू म्हणालीस, "आबा, मी लांब आहे. तुम्ही जवळ आहात. जा." बोट भलतीकडेच गेलं, माझा माणूस भिंतीला जाऊन धडकला, पाठ फिरवून उलटाच निघाला. तू म्हणालीस, "आबा, खाली पाहू नका. त्याच्याकडे पाहत चला." तेवढं सांगायला कुणी तरी पाहिजे असतं.

पोचलो. बसलो. पडद्यावर गोल फिरायला लागला. दहा सेकंद फार असतात, दीपा. गोळ्यांचे आवाज येत होते, त्या दिवशी आले तसेच, आणि पलीकडचा पंप अचानक बंद झाला. सगळं रान कान देऊन ऐकत असल्यासारखं झालं. मी हललो नाही. तोंडातून आपोआप चाल निघाली, वर्गातली. कापसाच्या बोंडात निजलंय कोण. तुझाही आवाज त्यात कधी मिसळला मला कळलं नाही. तिसऱ्या हाकेला गोल पुरा झाला. पडद्यावर एक ओळ आली आणि गेली. तिच्यात दोन नावं होती, संघदीप आणि उकंडा, आणि उठवलं अशा अर्थाचा एक शब्द. कुणी कुणाला, ते मी अजून नीट सांगू शकत नाही.

 मग कुठून तरी पळत आलीस, आमच्याजवळ थांबलीस आणि दोनदा उडी मारलीस. माफ केलंस असा मी त्याचा अर्थ लावत नाही. उंबऱ्यापर्यंत आलीस, इतकंच समजतो.

हे पत्र पोचेल तेव्हा उद्याचं पुण्यस्मरण होऊन गेलेलं असेल. तीच माणसं येतील. वंदना झाली की मी उभा राहून बाभूळगावहून मी किती वाजता परत आलो ते सांगणार आहे. मागच्या दाराचंही. आणि तुझ्याविषयी जे बोललो ते खोटं होतं हे सांगणार आहे. आजी म्हणाली, "मी बसतो तुमच्याजवळ." पंगतीत तुझं ताट मांडून ठेवणार आहोत, मागच्या साली उठलीस त्याच जागी.

आता शेवटचं. तू गेलीस, बाकीचे आवाज गेले, नेट एका रेघेवर आलं, तरी आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसलो होतो. तो उभा होता, पिवळ्या रानात, झाडाखाली. श्वास घेत होता. आजीनं माझ्या हाताला हात लावला, म्हणाली, "पाहा आता, वळवते."

त्यानं मान वळवून मागं पाहिलं.

या वेळी मागं मी होतो.

तुझा आबा,
उकंडा